नऊ टिबुकल्या आणि तळ्यावरचे झाकण

एका राज्यात विहिरी होत्या बाराशे आणि तळे होते एकच. तळ्याचे नाव नीलसर. त्याच्या एका काठावरून मारलेली हाक दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत दमून जाई. मध्ये एक बेट, बेटाभोवती कमळे, कमळांभोवती पुरुषभर उंच पाणकणीस, आणि त्या पाणकणसात राहत असे सोनटिबुकली.

सोनटिबुकली दिसायला काही विशेष नव्हे. नारळाएवढा गोल जीव. शेपटी असून नसल्यासारखी. पाय इतके मागे की जमिनीवर चार पावले टाकली तर पाचव्याला तोंडावर पडायची. पण तिच्या गळ्याला सोन्याचा पट्टा असे आणि तो पट्टा खऱ्या सोन्याचा असे. ती माणसासारखी बोलत असे. मात्र बोलण्याजोगे काही असले तरच. पृथ्वीच्या पाठीवर तिच्या जातीची पाखरे उरली होती नऊ. ती नऊच्या नऊ पावसाळा परमुलखात काढीत आणि मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी नीलसरावर उतरून अंडी घालीत.

या तळ्याची राखण भिवरा नावाची बाई करीत असे. वय पन्नाशीचे, बांधा ठेंगणा, आवाज मात्र तळ्याएवढा. सात पिढ्या तिच्या घरात हेच काम. रोज सकाळी ती आपल्या पाच म्हशी पाण्यात सोडी. म्हशी डुंबत, माजलेले गवत खात, आणि स्वतः काठी घेऊन भिवरा काठावर बसे. पण लोक ऐकतात थोडेच! कोणी सरदार हत्ती धुवायला आणी, कोणी रातोरात जाळी लावी, वऱ्हाडी मंडळी तर नावा करून बेटावर जात आणि दारूकाम उडवीत. पाखरे भिऊन अंडी टाकून पळत. चाळिसांची नऊ झाली, तेव्हा भिवराने पदर खोचला आणि ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

राजा पद्मसेन मनाचा मऊ होता, पण हुकूम देण्यात भारी उतावळा. भिवराचे बोलणे ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले. ते पुसायच्या आधीच तो उठला आणि गरजला, "यापुढे नीलसरात कोणीही, कधीही, कशासाठीही उतरता कामा नये!"

भिवरा दचकली. "महाराज, मी जाळ्यांचं आणि दारूकामाचं म्हणत होते. 'कोणीही' हा शब्द जरा मोठा होतो. उद्या पाखरं यायची आहेत."

"त्यांच्यासाठीच तर हे, तळेराखीण," राजा म्हणाला. "मांत्रिकाला बोलवा!"

मांत्रिकाचे नाव उग्रानंद. नावाने उग्र, एरवी बारा महिने सर्दीने बेजार. पण विद्या पक्की. राजाच्या तोंडून निघालेले शब्द त्याने कागदावर जसेच्या तसे उतरून घेतले, दुपारी तो तळ्यावर गेला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि मंत्र म्हणू लागला. तो मंत्र पाण्यात उभे राहूनच म्हणायचा असतो. शेवटचे अक्षर तोंडातून पडले आणि साऱ्या तळ्यावर हवेचे झाकण बसले. काचेहून स्वच्छ, लोण्याहून निसरडे.

उग्रानंदाने समाधानाने हात झटकले, तो काठाकडे वळला आणि त्याचे कपाळ झाकणावर आपटले.

"अरेच्चा," तो म्हणाला.

झाकण कोणाला आत सोडत नव्हते ते खरे; पण जो आत होता त्याला ते बाहेरही सोडीना. कारण बाहेर पडायला पाऊल उचलावे लागते, आणि टाकलेले प्रत्येक पाऊल झाकणाच्या हिशेबी उतरणेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराच्या म्हशी नेहमीच्या वाटेने आल्या. सर्वांत पुढे लाडी. लाडीचे डोके झाकणाला लागले. ती मागे सरली, पुन्हा पुढे झाली, पुन्हा लागले. मग तिने मान वळवून भिवराकडे असे पाहिले की भिवराला आपलेच काही चुकले असे वाटले.

आणि मग आकाशातून नऊ पाखरे आली. हजार कोस उडून आलेली, पंख जड झालेली. एकामागून एक ती तळ्यावर झेपावली आणि एकामागून एक झाकणावर आदळली. ठण्ण! ठण्ण! लोण्यावरून घसरावीत तशी घरंगळत ती काठावरच्या चिखलात येऊन पडली. जमिनीवरून त्यांना उडता येत नाही; टिबुकलीला धावत सुटायला पाणी लागते. तिने दुरडीत ओले गवत घातले, एकेक पाखरू उचलून आत ठेवले.

त्यांतली एक म्हातारी होती. तिला सगळ्या थोरली म्हणत. थोरलीने चिखलाने भरलेली चोच उघडली. "भिवरे, हा कोणाचा शहाणपणा?"

"महाराजांचा. तुमच्या भल्यासाठी केला त्यांनी."

"मला त्या भल्या माणसाकडे घेऊन चल," थोरली म्हणाली.

राजवाड्यात राजाच्या स्नानाचा निळ्या दगडाचा हौद होता. राजा उंच, तरी त्यात उभा राहिला की पाणी छातीला लागे. राज्यात विहिरींखेरीज तेवढे पाणी दुसरीकडे कोठेही नव्हते. भिवराने नऊही पाखरे हौदात सोडली. थोरलीने एक बुडी मारली, वर आली आणि शिंकली.

"हे पाणी आहे की अत्तर?"

राजा धावत आला. त्याच्या राजमुद्रेवर सोनटिबुकलीचे चित्र होते, पण खरी टिबुकली त्याने इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. तो हात जोडून म्हणाला, "आपले स्वागत असो."

"स्वागत पुरे. तू आमचं घर बंद केलंस. पौर्णिमेला मला अंडी घालायची आहेत. घरटं तरंगतं लागतं, पाणकणसाला धरून राहणारं. इथे ते कुठे बांधू, तुझ्या साबणाच्या वाटीत?"

राजाचा चेहरा पांढरा पडला. त्याने हौदातले पाणी सात वेळा बदलवले. स्वतः स्वयंपाकघरामागे घंगाळातल्या पाण्याने आंघोळ करू लागला. आणि भिवराला घेऊन तो तळ्यावर गेला.

"मी माझे शब्द मागे घेतो!" त्याने काठावरून ओरडून सांगितले. झाकण वाजले, ठण्ण, आणि जागच्या जागी राहिले.

आत गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या उग्रानंदाने नाक पुसले. "तसं होत नसतं, महाराज. मंत्र माझा, पण शब्द तुमचे. राजाचा शब्द नुसत्या बोलण्याने परत येत नाही. तीन शब्द आहेत आणि तीनही एकेक करून सोडवावे लागतील. 'कोणीही' म्हणालात ना? मग ज्यांना ज्यांना तुम्ही बाहेर ठेवलंत त्यांना समोर उभं करा आणि प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारा. एक नाव चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. 'कधीही' म्हणालात. तर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एक दिवस काठावर बसा. बोलायचं नाही, हलायचं नाही. इथे राजा बसला आहे हे तळं विसरलं पाहिजे. आणि 'कशासाठीही' म्हणालात. तर पौर्णिमेला माध्यान्ही, या पाण्यात उतरावं असं एक कारण सांगा. झाकणाला पटलं तर ते विरेल. नाही पटलं, तर सूर्य मावळताना त्याचा दगड होईल आणि कायमचा राहील."

"आणि तोवर आपण?" राजाने विचारले.

"तोवर मी इथेच," असे म्हणून उग्रानंद तीन वेळा शिंकला.

राजा घरी परतताना खुशीत होता. "तळेराखीण, पहिले काम अगदी सोपे. पाखरांची नावे मला ठाऊक आहेत. आमचे राजकवी रोज वर्णन करतात."

दुसऱ्या दिवशी काठावर बाहेर राहिलेल्यांची सभा भरली. राजा पुढे झाला. समोर लांब लांब तांबड्या पायांचा एक पक्षी उभा होता.

"हंस," राजा म्हणाला.

सभेत हसू फुटले. पाणकावळे तर पंख आपटून हसले.

"शेकाट्या म्हणतात मला," तो पक्षी म्हणाला. "हंस या राज्यात आजवर एकही आलेला नाही. तुमच्या कवींना एकदा उन्हात बसवा."

मग चार दिवस भिवराने राजाला शिकवले. काठावर दोघे बसत, राजा राजवस्त्रांत आणि भिवरा काठी घेऊन.

"ते काळं, कपाळावर पांढरा टिळा. ते कोण?"

"बदक?"

"चांदवा. टिळा बघा ना. आणि ते पलीकडचं, चपट्या चोचीचं?"

"ते मला ठाऊक नाही."

"चमचा."

"तळेराखीण, मी नाव विचारले, भांडे नव्हे."

"नावच आहे, महाराज. बघा कसं पाणी ढवळतं ते. आणि कमळपक्षी ओळखायचा तर त्याच्या शेपटीवर भुलू नका, पायांची बोटं बघा. एवढी लांब बोटं दुसऱ्या कोणाला नाहीत."

चौथ्या दिवशी राजा झोपेत "जांभळी पाणकोंबडी" असे पुटपुटला म्हणतात. पाचव्या दिवशी तो पुन्हा सभेपुढे उभा राहिला. शेकाट्या, चांदवा, चमचा, पाणकावळा, ढोकरी, खंड्या, सगळे बिनचूक. वाळूत अंडी घालायला बाहेर आलेली आणि बाहेरच अडकलेली दोन कासवे होती, त्यांचीही नावे घेतली. नऊ टिबुकल्या हौदातून दुरडीत बसून आल्या होत्या, त्यांची नावे घेतली. पाच म्हशी होत्या. लाडी, शेवंती, भुरी, पठाडी. पाचवीपाशी राजा अडला. म्हैस रवंथ करीत त्याच्याकडे बघत राहिली. राजाच्या कपाळावर घाम आला.

"घुंगुर!" तो ओरडला.

"बरोबर," भिवराने सुस्कारा सोडला.

सगळ्यांनी झाकणाकडे पाहिले. झाकण ढिम्म.

"एक नाव राहिलं आहे," आतून उग्रानंद म्हणाला.

राजाने सभेवर नजर फिरवली. पाखरे झाली, कासवे झाली, म्हशी झाल्या. चिखलातला बेडूक निघाला, तर तो म्हणाला, "मी तळ्यातला नव्हे, डबक्यातला. सहज बघायला आलो." राजा पुन्हा पुन्हा मोजू लागला आणि मोजता मोजता त्याची नजर शेजारी उभ्या असलेल्या बाईवर थांबली. तिच्या पायांना तळ्याच्या चिखलाच्या भेगा होत्या. रोज पाण्यात उतरणारे ते पाय इतके दिवस कोरडे होते.

"आपण माझ्या दरबारात आलात," तो हळू आवाजात म्हणाला. "चार दिवस मला शिकवलंत. आणि मी आपल्याला... आपलं नाव काय?"

राजाने नाव विचारावे अशी भिवराची अपेक्षा कधीच नव्हती. तिने पदर सावरला.

"भिवरा," ती म्हणाली.

राजा तळ्याकडे वळला. "भिवराबाई!" त्याने मोठ्याने हाक मारली.

झाकणाला वरपासून खालपर्यंत एक चीर गेली. पहिला शब्द सुटला.

दुसरे काम राजाला जड गेले. पहिल्या दिवशी तो सूर्य उगवताच काठावर बसला आणि घटकाभराने निळ्या ठिणगीसारखा खंड्या समोरून गेला. "वा!" राजा म्हणाला. दिवस वाया. दुसऱ्या वेळी दुपारपर्यंत टिकला, मग त्याच्या नाकावर चतुर बसला आणि त्याने तो हाताने उडवला. तोही दिवस वाया. तिसऱ्या दिवशी पहाटे भिवरा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"महाराज, न हलायचं असं मनात घोळवू नका. त्यानेच हलावंसं वाटतं. पाणकणसाकडे बघा. वारा आला तर तेवढंच डुला."

राजा बसला. भिवरा मागे लव्हाळ्यात लपून पाहू लागली.

सकाळी प्रधान आले. प्रधानांचे नाव दुर्मुखराव, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा फार हसरा होता. सोबत लेखक आणि लेखकाच्या हातात कागद.

"महाराज, दरबारातला गालिचा बदलून नवा आणावा म्हणतो. काही हरकत असल्यास बोलावे." राजा बसून राहिला. "हरकत नाही. लिहा. महाराज, माझ्या मेहुण्याला कोठाराचा मुख्य करावा म्हणतो. हरकत असल्यास बोलावे."

राजाचे डोळे वाटीएवढे झाले. मानेची शीर तटतटून वर आली. लव्हाळ्यात भिवराने दोन्ही हातांनी स्वतःचेच तोंड दाबून धरले, जणू तिने दाबले म्हणजे राजाचे दाबले जाईल.

राजा बोलला नाही.

"लिहा," प्रधान म्हणाले आणि हसत हसत परत गेले.

दुपार झाली. ऊन डोक्यावर आले. एक मुंगी राजाच्या पायाच्या अंगठ्यावरून निघाली आणि सावकाश, मुक्काम करीत करीत, कानापर्यंत गेली. मग खंड्या आला. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि बरा खुंट सापडला अशा समजुतीने तो राजाच्या मुकुटावर बसला. शेजारच्या डबक्यातून त्याने एक मासा आणला, मुकुटाच्या माणकावर तीन वेळा आपटला आणि गिळला. खवले राजाच्या पापण्यांवर पडले. राजाने पापणीही हलवली नाही. भिवराने पाहिले, त्याचा चेहरा आता त्रासलेला नव्हता. तो खरोखरच तळ्याकडे पाहत होता, आणि पाहता पाहता खंड्याला विसरला होता, प्रधानाला विसरला होता, बहुधा आपण राजा आहोत हेही विसरला होता.

सूर्य मावळला. झाकणाला दुसरी चीर गेली.

राजाने तोंड उघडले. दिवसभरातला त्याचा पहिला शब्द ऐकायला सगळे पुढे सरसावले.

"मेहुण्याला काढा," राजा म्हणाला.

राहिला तिसरा शब्द. पौर्णिमेला तीन दिवस होते. राजाने कारणे शोधायला पंडित बसवले. पंडितांनी चौदा श्लोकांचे एक कारण रचले. त्यात धर्म होता, कीर्ती होती आणि पूर्वजही होते. राजाने ते पाठ केले. भिवराला त्यातले फारसे कळले नाही, पण राजाला पाठ येत होते, तेव्हा तिने मान हलवली.

इकडे हौदात थोरली घरटे बांधीत होती. नाल्यातले सडके शेवाळ भिवरा रोज टोपलीने आणून देई आणि थोरली ते चोचीने रचून त्याचा तरंगता ढीग करी. पण शेवाळाला मुळे नव्हती. मुळे धरलेले पाणकणीस फक्त तळ्यात, झाकणाखाली. म्हणून घरटे हौदभर फिरत राही. या भिंतीला आपट, त्या भिंतीला आपट.

पौर्णिमेच्या सकाळी राजाने जरीचा अंगरखा घातला, श्लोकांची एक उजळणी केली आणि निघण्यापूर्वी पाखरांना नमस्कार करायला तो हौदापाशी आला. भिवरा तेथेच होती. तिने म्हशी वाड्याच्या विहिरीवर धुवायला आणल्या होत्या. थोरली घरट्यावर बसली होती. तिच्या पोटाखाली चार पांढरी अंडी.

"झाली!" राजा आनंदाने म्हणाला आणि तेवढ्यात घरटे दगडी भिंतीवर आपटले. शेवाळाचा एक लगदा खालून सुटला. घरटे एका बाजूला कलले.

"दोरीने बांधा," हुजऱ्या म्हणाला.

"दोरीने? आम्ही काय शेळ्या आहोत?" थोरली कडाडली. "आणि बांधणार काय, खालून तर सगळं सुटतंय! कोणीतरी तळहात धरा!"

हुजऱ्या हौदात उतरला. त्याने घरट्याखाली हात घातले मात्र, शेवाळातल्या माशांच्या पिल्लांनी त्याला गुदगुल्या केल्या आणि तो खिदळत सुटला. एक अंडे कडेपर्यंत घरंगळले. थोरलीने त्याच्या मनगटाला अशी चोच मारली की तो हौदाबाहेर उडालाच.

"मी धरते," भिवरा म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. चौथ्या पायरीला पाणी तिच्या हनुवटीला लागले.

जरीच्या अंगरख्यासकट राजा पाण्यात उतरला, घरट्यापाशी गेला आणि दोन्ही तळहात त्याने खाली लावले. माशांची पिल्ले त्याच्या बोटांना लुचू लागली. राजा पाणकणसासारखा उभा राहिला. घरटे सावरले.

सूर्य चढू लागला. बाहेर रथ उभा होता. सेनापती येऊन गेला, प्रधान येऊन गेला. "महाराज, माध्यान्ह होत आली. सगळी प्रजा तळ्यावर जमली आहे."

"दुसरं कोणी धरील का?" राजाने थोरलीला विचारले.

"तू हात काढलास की बुडालं," थोरली म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता. "पण तळं त्याहून मोठं आहे. तू राजा आहेस. जातो म्हटलंस तर मी अडवणार नाही."

राजाने डोळे मिटले. भिवरा पायरीवर उभी होती, तिने पाहिले, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते, आणि ते हौदाचे नव्हते. सात पिढ्यांचे तळे एकीकडे आणि चार अंडी एकीकडे. तिला कोणी विचारले असते तर तिने काय सांगितले असते, तिचे तिलाच कळेना.

"भिवराबाई," राजा म्हणाला, "आपण जा. सांगा, की मला येता येत नाही. मी पाण्यात उभा आहे. अंडी आहेत. आणि... सगळ्यांनी मला क्षमा करावी असंही सांगा."

भिवरा धावली. पण पन्नाशीची बाई, तळे कोसभर दूर आणि सूर्य माथ्याशी. रथाचे घोडे तिला पाहून उधळले. विहिरीपाशी लाडी उभी होती. भिवरा दगडावर चढली आणि लाडीच्या पाठीवर बसली.

"चल गं बाई!"

लाडी निघाली ती म्हशीच्या चालीने. वाटेत तिने एका परसातली कोथिंबीर खाल्ली. एका चौकात उभी राहून विचार केला. भिवरा रडकुंडीला आली. पण गावाची वेस ओलांडली, समोरून वारा आला, आणि त्या वाऱ्यावर चिखलाचा, कमळांचा, गार पाण्याचा वास आला. पंधरा दिवस लाडीने तळे अंगाला लावले नव्हते. तिने नाक वर केले, शेपूट ताठ केली आणि ती अशी उधळली की भिवराने शिंगे धरली ती घट्ट.

काठावर सारी प्रजा उभी होती. पंडित होते, कर्णे होते, आत उग्रानंद थरथरत उभा होता. सगळे राजरथाची वाट पाहत होते आणि धुळीच्या लोटातून आली एक म्हैस.

"बाजूला व्हा!" भिवरा ओरडली. आवाज तिचा मुळात मोठा. त्या दिवशी तो साऱ्या तळ्यावर घुमला. "महाराज येत नाहीत! निरोप आहे!"

"येत नाहीत?" उग्रानंद किंचाळला. "माध्यान्ह झाली! राजा आहे तरी कुठे?"

"पाण्यात उभे आहेत!"

"पाण्यात? कशासाठी?"

"अंड्यांसाठी!"

त्या क्षणी झाकणातून एक सूर निघाला, भल्या मोठ्या भांड्याच्या कडेवरून ओले बोट फिरवावे तसा. तिसरी चीर गेली. लाडी तशीच धावत होती, थांबायचे तिच्या मनातच नव्हते. तिचे नाक झाकणाला लागले आणि झाकण दवासारखे विरून गेले. लाडी, भिवरा आणि एक उंच लाट अशा तिघी मिळून उग्रानंदावर कोसळल्या.

भिवरा पाण्यातून वर आली. डोक्यावर कमळाचे पान. आभाळातून चांदवे उतरत होते, चमचे उतरत होते, शेकाटे पाय लोंबकळत सोडून उतरत होते, कासवे घाईघाईने म्हणजे त्यांच्या मानाने घाईघाईने पाण्यात शिरत होती. तिला क्षणभर कळेचना की झाले काय. मग कळले, आणि ती पाण्यात बसूनच हसू लागली. उग्रानंद धडपडत काठावर चढला, कोणीतरी त्याच्या अंगावर घोंगडे टाकले. त्याने पुढे पाण्यातली विद्या सोडली आणि कोरड्या मंत्रांचा अभ्यास धरला.

भिवराने तेथल्या तेथे पाणकणसाचा एक झुबका मुळांसकट, चिखलासकट उपटला, हंड्यात घातला आणि तो घेऊन ती वाड्यावर गेली. राजा हात पसरून तसाच उभा होता. ओठ निळे पडले होते.

"महाराज, तळं उघडलं."

"कसं?" राजाने विचारले.

भिवराने सांगितले. राजाला हसावे की रडावे कळेना, आणि हसणे त्याला परवडणारे नव्हते, कारण हातांवर अंडी होती. भिवराने हंडा हौदात सोडला, थोरलीने घरटे पाणकणसाला गुंफून घेतले, मग राजा बाहेर आला. त्याच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या त्या तीन दिवस गेल्या नाहीत.

पुढच्या दरबारात नवा हुकूम निघाला. या वेळी राजाने तो आधी भिवराला वाचून दाखवला आणि तिने दोन शब्द खोडले. जाळी बंद झाली, बेटावरचे दारूकाम बंद झाले, हत्तींना वेगळी विहीर मिळाली. म्हशी सकाळी पूर्वीसारख्या पाण्यात जाऊ लागल्या. ज्याला पाण्यात उतरायचे असेल त्याने आधी भिवराला विचारावे असे ठरले, आणि स्वतः राजानेही दोनदा विचारले. एकदा ती नाही म्हणाली.

एकविसाव्या दिवशी हौदात चार पिल्ले निघाली. अंगावर काळेपांढरे पट्टे आणि आवाज अंगाच्या दसपट. जन्मल्या घटकेला ती थोरलीच्या पाठीवर चढून पंखांत शिरली. मग पालखी आली. पालखीत पाण्याचे घंगाळ, घंगाळात थोरली, थोरलीच्या पाठीवर चार डोकी. राजा अनवाणी शेजारून चालला आणि प्रत्येक खड्ड्याशी भोयांना सांगत गेला, "हळू. अंमळ हळू."

काठावर आल्यावर घंगाळ पाण्यात कलते केले. थोरली सरकत बाहेर गेली. तीन पिल्ले पाठीला चिकटून राहिली. चौथे तोल जाऊन पडले, त्याने एकदा राजाकडे बघितले आणि बुडी मारून ते दिसेनासे झाले.

राजाने श्वास रोखला. भिवराने रोखला नाही, पण काठी घट्ट धरली. पाणी शांत. एक घटका जावी इतका वेळ गेल्यासारखे वाटले. मग दहा हात पलीकडे, कमळांच्या मधोमध, एक ओले डोके वर आले. चोचीत एक मासा, पिल्लाहून जरासाच लहान. पिल्लाने तो गिळायचा प्रयत्न केला. जमेना. सोडायचीही तयारी नाही. मासा आणि पिल्लू दोघेही तसेच पाण्यावर गोल गोल फिरू लागले.

"भिवराबाई, मदत करावी का?" राजाने कुजबुजत विचारले.

"नको, महाराज," भिवरा म्हणाली. "त्याचं ते बघेल."

आणि त्याने बघितले. त्या वर्षी नऊंची तेरा झाली, पुढल्या वर्षी वीस. जसे त्या राज्यातले पाणी निवळले, तसे ऐकणाऱ्यांचे आणि सांगणाऱ्याचेही मन निवळो.